गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील केमोकाइन सूचके
केमोकाइन ही पेशींनी स्रवलेली लहान प्रथिने असून रोगप्रतिकारक पेशींना ठरावीक जागी खेचून आणणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे बहुतेक वेळा ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असतो. या विषाणूच्या ई७ प्रथिनामुळे सीएक्ससीएल१४ या केमोकाइनच्या जनुकाचे मेथिलीकरण होऊन त्याचे कार्य मंदावते. बाधित पेशींना प्रतिकारशक्तीला चुकवणे त्यामुळे सोपे जाते. याउलट सीएक्ससीआर४ हा केमोकाइन-ग्राही अर्बुदात वाढलेला आढळतो व त्याचा संबंध लसिका ग्रंथींतील प्रसाराशी जोडला जातो.

कर्करोगपूर्व बदलांपैकी बरेचसे आपोआप मावळतात. उरलेले नेमके ओळखणारे सूचक हवे आहे. केमोकाइन मात्र अद्याप संशोधनापुरतेच मर्यादित आहेत.

तपासणीचे खरे मोल किती मृत्यू टळले यावर ठरते. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा समावेश होता. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय त्यात सहभागी होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एकदाच एचपीव्ही चाचणी देऊ केलेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणीविना राहिलेल्या, किंचित लहान गटात ६४. पेशीपरीक्षण व ॲसिटिक आम्ल लावून केलेली दृश्य तपासणी यांमुळे मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही.