तो पासपोर्ट जाळला का नाही?

एका वाचकाचा प्रश्न बाजूला सारण्यासारखा नाही. नव्या देशाचे नागरिक झाल्यावर ज्यू निर्वासितांनी स्वस्तिकाचं चिन्ह असलेला जर्मन पासपोर्ट जपून का ठेवला?

आधी त्या पासपोर्टची हकिकत पाहू. मार्च १९३८मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि तिथले ज्यू स्वित्झर्लंडकडे धावले. स्विस सरकारला त्यांना सीमेवरच अडवायचं होतं, म्हणून सगळ्याच जर्मन प्रवाशांना व्हिसा सक्तीचा करण्याचा विचार सुरू झाला. जर्मनीला ते परवडणारं नव्हतं. वाटाघाटींतून तोडगा निघाला: खूण फक्त ज्यूंच्या पासपोर्टवर करायची. ५ ऑक्टोबर १९३८च्या हुकमानं ज्यूंचे पासपोर्ट रद्द झाले. परदेशी जायचं असेल, तर पहिल्या पानावर ठसठशीत लाल ‘जे’ मारून घ्यावा लागे. १ जानेवारी १९३९पासून बहुतेक ज्यू बायकांच्या नावात ‘सारा’ आणि पुरुषांच्या नावात ‘इस्रायल’ सक्तीनं घुसडलं गेलं.

एवढा अपमान सोसूनही हा कागद बाहेरच्या जगात ‘जर्मन’च ठरे. मुंबईत आसरा घेतलेल्यांना त्याचा अनुभव आला. सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारनं जर्मन पुरुषांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अहमदनगरच्या छावणीत डांबलं. त्यांत नाझींपासून पळून आलेले ज्यूही होते! चौकशीनंतर त्यांच्यातल्या अनेकांची सुटका झाली. मुंबईतली ज्युइश रिलीफ असोसिएशन अशा निर्वासितांच्या मदतीला उभी होती.

पुढे नोव्हेंबर १९४१मध्ये आणखी एक हुकूम निघाला. देशाबाहेर राहणाऱ्या जर्मन ज्यूंचं नागरिकत्व सरसकट गेलं, मालमत्ता सरकारजमा झाली.

वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. १९४९च्या पश्चिम जर्मन राज्यघटनेच्या कलम ११६नं वंश, धर्म किंवा राजकीय कारणांवरून नागरिकत्व गमावलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना ते परत मागण्याचा हक्क दिला. १९५०च्या दशकात नुकसानभरपाईचे कायदे आले. पण आपण जर्मन नागरिक होतो आणि ज्यू म्हणूनच छळले गेलो, हे दाखवायचं कशाच्या आधारे? घर, दुकान, शाळेचे दाखले सगळं मागे राहिलेलं. नाझींनी स्वतःच्या हातानं मारलेला तो लाल शिक्का दोन्ही गोष्टींची साक्ष देत होता. ज्यानं या माणसांना वेगळं काढलं, त्याच कागदानं त्यांच्या हक्काची बाजू मांडली. घरातल्या थोरांनी तो सांभाळला, हे फार शहाणपणाचं झालं.

२०१६च्या ब्रेक्झिट कौलानंतर ब्रिटनमधल्या अशा अनेक घरांतल्या मुला-नातवंडांनी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केले. जुन्या नियमांत न बसणाऱ्या कितीतरी वंशजांसाठी जर्मनीनं ऑगस्ट २०२१मध्ये कायदाही बदलला. आजी-आजोबांचे जुने पासपोर्ट आजही या अर्जांना पुरावा म्हणून जोडता येतात.