हिंवाळ्यापूर्वीं घराची तयारी

वऱ्हाडांत थंडी ती काय पडायची, असें कोंकणपट्टींतील मनुष्य सहज बोलून जातो. वैशाखांतील उन्हाची कीर्ति त्याच्या कानीं आलेली असते. पौषांतील पहाट त्यानें पाहिलेली नसते. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यांतील रिठद हें गांव समुद्रापासून दूर, पठारावर वसलेलें आहे. समुद्राची ऊब येथें पोंचत नाहीं. आकाश निरभ्र असलें म्हणजे दिवसभर तापलेली जमीन रात्रीं आपली उष्णता झपाट्यानें सोडून देते, आणि त्यांत उत्तरेचे वारे सुटले कीं पहाटेचें उष्णतामान १० अंशांच्याहि खालीं जाऊं शकतें. मैदानी प्रदेशांत तें १० अंश किंवा त्याहून कमी होऊन सरासरीपेक्षां साडेचार अंशांनीं उतरलें, तर हवामानखातें त्यास थंडीची लाट म्हणतें. अशा वेळीं म्हाताऱ्यांचे व तान्ह्या मुलांचे हाल होतात ते केवळ पांघरुणाच्या अभावीं नव्हे. पुष्कळदां घरच तयार नसतें.

ही तयारी पाऊस उघडतांच आरंभावी. प्रथम भिंती पुरत्या सुकूं द्याव्या. ओल उडून जातांना भिंतींतील उष्णता घेऊन जाते, म्हणून ओली भिंत नेहमींच गार लागते. दिवाळीच्या घाईंत तिच्यावर पोतारा फिरविला म्हणजे ओल झांकली जाते, जात नाहीं. त्यानंतर भेगा पाहाव्या. या भागांतील काळ्या मातीचा स्वभाव असा कीं, ती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते व पुढें सुकून आकसते. घराचा पाया तिच्यांत असेल तर तोहि हलतो, आणि ऐन थंडीच्या तोंडावर भिंतींना तडे जातात. वाडवडिलांनीं वस्तीसाठीं ‘पांढरी’ निवडून ‘काळी’ पिकाला राखली, तें उगीच नव्हे. तडे बुजविण्यासहि काळी माती कामाची नाहीं. वाळतांच ती पुन्हां फाटते. पांढरी माती, गव्हाचा भुसा व शेण एकत्र कालवून दोन-तीन दिवस मुरवावें आणि पातळ थरांवर थर देत लिंपावें. उत्तरेकडील भिंत, चौकटीच्या कडा आणि भिंत व छपर यांमधील फट येथें अधिक लक्ष द्यावें.

जाड मातीची भिंत दिवसाचें ऊन साठविते व रात्रीं सावकाश परत देते. टिनाच्या पत्र्याला हा गुण नाहीं. सूर्य मावळला कीं तो निवतो, आणि पहाटे घरांतील वाफेचे थेंब त्यावर जमून अंथरुणावर गळतात. पत्र्याखालीं वीतभर अंतर ठेवून बांबूचे तट्टे बसवावे. मधली कोंडलेली हवा उष्णतेची वाट अडविते. चुलीच्या वर मात्र तट्टा नसावा.

सूर्याचें साह्य फुकट मिळतें, तें घेत कां नाहींत कोण जाणे! २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथें क्षितिजापासून सुमारें ४६ अंशांवरच असतो. दक्षिणाभिमुख दारापुढें पडवी नसेल, तर दाराची जेवढी उंची जवळजवळ तितकें लांबवर ऊन घरांत शिरतें. तें दार दुपारीं उघडें ठेवावें, अंथरुणें तेथें वाळवावीं आणि ऊन कलतांच दार लावून घ्यावें. निजतांना वर दोन गोधड्या व खालीं एक पातळ सतरंजी, ही रीत उलटी आहे. अंगाखालचें अंथरूण दाबलें जाऊन त्यांतील हवा निघून जाते व जमीन शरीराची ऊब ओढते. खालीं कोरडा कडबा किंवा एक जाड वाकळ अधिक घालावी.

परंतु फटी बुजविलेल्या घरांत एक नवें भय उत्पन्न होतें. थंडी असह्य झाली म्हणजे घमेल्यांत किंवा शेगडींत निखारे घेऊन दार लावण्याची चाल आहे. निखाऱ्यांचा धूर थांबला कीं धोका टळला असें वाटतें. तें साफ चूक होय. धगधगत्या कोळशांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्यास हा वायु प्राणवायूच्या दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकें दुखतें, मळमळतें, भोंवळ येते; निजलेल्याला तेवढीहि सूचना मिळत नाहीं. जवळ पाण्याचें भांडें ठेवल्यानें विष उतरतें ही समजूतहि खोटी आहे, कारण हा वायु पाण्यांत फारच थोडा विरघळतो. शेकोटी अंगणांतच करावी आणि निजण्याच्या खोलींत निखारे मुळींच नेऊं नयेत. उंचावरचा झरोका लिंपणाच्या वेळीं बुजवूं नये. मात्र झरोका आहे म्हणून शेगडी आंत चालेल असेंहि समजूं नये.

पहाटे घरांतील दोघां-तिघांचें डोकें एकदमच दुखूं लागलें आणि रात्रीं घरांत विस्तव असेल, तर सर्वांना ताबडतोब मोकळ्या हवेंत आणावें व दवाखान्यांत न्यावें. थंडी बाधली असेल म्हणून दार लावून, आणखी एक गोधडी घालून त्यांना निजवूं नये.