पायात 'पॉवर' किती? डोळ्यांना दिसतं त्याहून वेगळं

अर्धांगवायू, मज्जारज्जूची इजा, सेरेब्रल पाल्सी किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या माणसाच्या घरी रोज एक प्रश्न विचारला जातो: "पायात पॉवर आली का?" उत्तर बहुतेक वेळा पलंगाशेजारी उभं राहून, नुसत्या नजरेनं दिलं जातं. त्यातून आशाही चुकीची लागते आणि निराशाही.

गैरसमज: पाय हलला, म्हणजे सुधारणा झाली.
तळव्याला हात लागताच पाय आखडतो, कूस बदलताना मांडीला झटका येतो आणि घरचे हरखून जातात. पण ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिला मेंदूचा आदेश लागत नाही, मज्जारज्जूचा खालचा भाग ती स्वतःच घडवतो. वरून येणारा लगाम सुटल्यामुळे असे झटके उलट वाढतात. पायाच्या ताठरपणालाही लोक ताकद समजतात. प्रत्यक्षात दुसऱ्यानं सांधा हलवताना किती विरोध होतो, एवढंच त्यातून कळतं. सांगितल्यावर स्नायू आवळला, 'सोडा' म्हटल्यावर सैल झाला आणि पुन्हा सांगितल्यावर तेच घडलं, तरच ती हालचाल रुग्णाची स्वतःची.

गैरसमज: पाय हलत नाही, म्हणजे मेंदूचा संदेश पोचतच नाही.
सर्वांत जास्त नुकसान या समजुतीनं होतं. हालचाल दिसण्याइतका जोर नसला, तरी स्नायूत विजेची क्षीण हालचाल होत असू शकते. ती पृष्ठीय ईएमजी, म्हणजे त्वचेवरून स्नायूतली वीज नोंदवणारा आलेख, टिपतो. रुग्णाला उताणं झोपवतात. नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू, पोटरी, मांडीचा पुढचा आणि मागचा भाग, अशा जागांवरची त्वचा स्पिरिटनं पुसून साधारण दोन सेंटिमीटर अंतरावर इलेक्ट्रोडच्या जोड्या चिकटवतात. आधी पूर्ण विश्रांतीची नोंद होते. मग सूचना येते: "पंजा वर ओढा, धरून ठेवा, सोडा." पंजा जागचा हलत नाही, पण पडद्यावरची रेघ सूचनेबरोबर दाट होते आणि 'सोडा' म्हणताच पुन्हा सपाट होते. हे दर वेळी घडलं, तर वरून खाली वाट अजून थोडी उघडी आहे.

मिलान दिमित्रियेविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ह्यूस्टनला अशाच नोंदींवरून दाखवलं, की तपासणीत 'पूर्ण' ठरलेल्या मज्जारज्जूच्या अनेक इजा खऱ्या अर्थानं पूर्ण नसतात. पुढे लुइव्हिलच्या संशोधकांनी २०१४ मध्ये, इजेला दोन वर्षं उलटून गेलेल्या चौघांचा अनुभव प्रसिद्ध केला. मज्जारज्जूच्या आवरणावर बसवलेलं विद्युत उद्दीपन सुरू असताना त्यांना पाय स्वतःच्या इच्छेनं हलवता आले. हा बरं होण्याचा दाखला नव्हे, पण फाईलवरचा 'शून्य' हा शेवटचा शब्द नसतो, हे त्यातून नक्की कळतं.

गैरसमज: ईएमजी म्हणजे करंट देणं.
पृष्ठीय ईएमजी शरीरात वीज सोडत नाही, स्नायूत निर्माण होणारी वीज फक्त नोंदवतो. हलके शॉक देतात ते नसांचा वेग मोजणाऱ्या चाचणीत.

गैरसमज: रेघ मोठी, म्हणजे ताकद जास्त.
रेघेची उंची त्वचा, चरबी आणि इलेक्ट्रोडच्या जागेवरही अवलंबून असते, म्हणून दोन माणसांचे आकडे थेट ताडून पाहू नयेत. नेमका कोणता स्नायू जागा होतो, हे अधिक बोलकं असतं. पंजा वर ओढताना पोटरी शांत हवी. दोन्ही एकदम आवळले, तर भरपूर विद्युत हालचाल होऊनही घोटा अडकून राहतो. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी यंत्राविनाही हे तपासता येतं. स्केल नावाच्या चाचणीत नितंबापासून बोटांपर्यंत पाच सांध्यांना शून्य ते दोन गुण देतात, म्हणजे एका पायाला जास्तीत जास्त दहा.

गैरसमज: पाचपैकी तीन, म्हणजे साठ टक्के ताकद.
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं नसांच्या इजांसाठी स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजणारी ही श्रेणी रूढ केली. तीन म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध हालचाल जेमतेम जमते. मांडीच्या स्नायूला गुडघा सरळ करायला एकूण ताकदीचा लहानसा हिस्साच लागतो, त्यामुळे तीन आणि पाच यांत फार मोठी दरी आहे.

गैरसमज: तो अंग चोरतो, मनापासून करतच नाही.
हा आरोप रुग्णाला फार लागतो. त्याचं उत्तर मोजून देता येतं. १९५४ मध्ये संशोधक मर्टन यांनी अंगठ्याच्या स्नायूवर दाखवलेली पद्धत आज मांडीच्या स्नायूसाठीही वापरतात: रुग्ण सर्व जोर लावत असताना नसेला क्षणिक शॉक देतात. जोर आणखी वाढला, तर स्नायूचा काही भाग आदेशाविना पडून होता. अर्धांगवायूनंतर पूर्ण प्रयत्न करूनही असं होतं. तिथे कमी पडतो तो वरून येणारा आदेश, माणसाची इच्छा नव्हे.

पुढच्या भेटीत नुसतं 'पॉवर किती' विचारू नका. प्रत्येक स्नायूची श्रेणी वेगळी लिहून मागा. झटके आणि स्वेच्छेची हालचाल वेगवेगळी नोंदवायला सांगा. आणि कुठे 'शून्य' लिहिलं असेल, तर तो ईएमजीवर तपासला आहे का, हे जरूर विचारा.