दरडीच्या पायथ्याशी कोण राहतो? : भूस्खलनाची कारणे, परिणाम आणि आपले कर्तव्य

कुंभार पिंपळगावचा परिसर गोदावरीच्या खोऱ्यातील. काळी जमीन, दूरवर पसरलेली शिवारे आणि अधूनमधून मुरमाड माळ. येथील पिढ्यांनी दुष्काळ पाहिला, गारपीट पाहिली, नदीचा पूर पाहिला. परंतु डोंगर घरावर येतो म्हणजे काय, हे येथे कोणाला अनुभवाने ठाऊक नाही. मग शाळेच्या स्मरणिकेत दरडींविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे.

प्रयोजन दुहेरी आहे. पहिले असे की, आपला समाज आता केवळ या शिवारापुरता राहिलेला नाही. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला गेलेल्या असंख्य कुटुंबांना जागा मिळाली ती झोपडपट्ट्यांत, आणि मुंबईतील अनेक झोपडपट्ट्या टेकड्यांच्या उतारांवर व पायथ्याशी वसलेल्या आहेत. नव्या पिढीतील शिकलेली मुले तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका, पोलीस म्हणून कोकणात व घाटमाथ्यावर नोकरीस जातात. दुसरे प्रयोजन अधिक महत्त्वाचे आहे. दरड कोसळणे ही निसर्गातील घटना असली, तरी त्या दरडीखाली कोण सापडतो, हे निसर्ग ठरवीत नाही. ते समाजरचना ठरविते.

चार पावसाळे, चार ठिकाणे

महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातील चार घटना प्रथम ध्यानात घेऊ.

जुलै २००५ मध्ये मुंबई पाण्याखाली गेली, हे सर्वांना आठवते. २६ जुलै रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. त्याच काळात रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात जुई, कोंडिवते, रोहण आणि दासगाव येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. यांतील दासगाव हे नाव आपल्या परिचयाचे असावयास हवे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह मुंबईहून जलमार्गाने निघाले, दासगाव बंदरात उतरले आणि तेथून महाडकडे गेले. मनुस्मृतीचे दहन ज्या परिषदेत झाले, त्या परिषदेची वाट या गावातून गेली आहे.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे आदिवासी गाव दरडीखाली गेले. १५१ माणसे मृत्युमुखी पडली. गाव इतके समूळ झाकले गेले की, नेहमीप्रमाणे आलेल्या एस. टी. बसच्या चालकाला गाव दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला ही वार्ता कळली.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातीलच तळिये येथे डोंगराचा कडा खाली आला आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. त्याच अतिवृष्टीत सातारा जिल्ह्यातील आंबेघर व मिरगाव, रत्नागिरी जिल्ह्यातील पोसरे येथेही घरे गाडली गेली. त्या दिवशी महाबळेश्वर येथे २४ तासांत सुमारे ५९४ मिलीमीटर पावसाची नोंद झाली. आपल्या जालना जिल्ह्यात संपूर्ण वर्षाला सरासरी ६५० ते ७०० मिलीमीटर पाऊस पडतो. आपला जवळजवळ वर्षाचा पाऊस एका दिवसात एका डोंगरावर कोसळला, अशी कल्पना केली म्हणजे या संकटाचे मान लक्षात येईल.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकर आदिवासींची वस्ती झोपेतच दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण बेपत्ता राहिले आणि अखेरीस शोधकार्य थांबवावे लागले. वाडीपर्यंत रस्ता नसल्यामुळे अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. बचाव पथकांना पायवाटेने डोंगर चढून कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली.

डोंगर का सुटतो?

तथागतांनी सांगितलेल्या प्रतीत्यसमुत्पादाच्या सिद्धान्ताचे सार असे की, जे घडते ते हेतू आणि प्रत्यय यांवाचून घडत नाही. दरडीच्या बाबतीतही दैवाचा कोप किंवा गतजन्मीचे पाप शोधण्याऐवजी कारणांची साखळी तपासणे, हीच धम्माला व विज्ञानाला मान्य होणारी रीत आहे.

सह्याद्री आणि आपले पठार हे दोन्ही एकाच बेसाल्ट खडकाचे, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचे बनलेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचत गेले. काही थरांच्या मध्ये तांबड्या मऊ मातीचे पट्टे राहिले. वरचा खडक ऊन-पावसाने झिजून त्याचा मुरूम झाला आणि मुरमावर माती साचली. म्हणजे डोंगराच्या उतारावर खाली अभेद्य खडक आणि त्यावर सैल मुरूम-मातीची जाड गोधडी, अशी रचना असते.

ही गोधडी कोरडी असते तोवर कणाकणांतील घर्षणामुळे उतारावर टिकून राहते. चार-पाच दिवस संततधार लागली की पाणी मातीत मुरते, पण खालच्या खडकात शिरू शकत नाही. ते खडक आणि माती यांच्या सांध्यावर साचते. त्यामुळे दोन गोष्टी एकाच वेळी घडतात : मातीचे वजन वाढते आणि आतील पाण्याच्या दाबामुळे तिची खडकावरील पकड सुटते. आपल्याकडील जुन्या माळवदाच्या घरांत राहिलेल्यांना हे चटकन कळेल. झड लागली की माळवदाची माती पाणी पिऊन जड होते, खालचे सर वाकू लागतात आणि मग एखाद्या रात्री खण खाली बसतो. विहीर खोदताना ओली कड अचानक ढासळून मजूर गाडले जातात, त्यामागील कारणही याच जातीचे आहे.

अतिवृष्टी हे तात्कालिक कारण झाले. त्यास साहाय्य करणारी कारणे माणसाने निर्माण केलेली असतात. रस्त्यासाठी वा इमारतीसाठी डोंगराचा पायथा उभा कापला की वरच्या भाराचा आधार जातो. झाडे तोडली की मुळांची वीण सुटते. पाण्याचे नैसर्गिक ओघळ बुजविले की पाणी वाट मिळेल तेथे मुरते. खाणींतील सुरुंग खडकातील भेगा वाढवितात.

हे संकट केवळ कोकणाचे, असाही समज नको. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी कन्नड-चाळीसगाव मार्गावरील औट्रम घाटात अनेक ठिकाणी दरडी कोसळल्या व हा महत्त्वाचा मार्ग दीर्घकाळ विस्कळीत झाला. त्याच कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील कच्च्या थरांचा खडक कालौघात कोसळून चैत्यगृहाचा दर्शनी भाग नष्ट झाला आहे. परंतु डोंगरात मुरणारे पाणी बाहेर काढून देण्याची व्यवस्थाही तेथे खडकात कोरलेली आहे. डोंगर टिकवावयाचा तर आधी पाण्याला वाट द्यावी लागते, हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांना ठाऊक होते.

दोष कोणाचा?

माळीणच्या घटनेनंतर अभ्यासकांनी जी कारणे मांडली, त्यांत मुसळधार पाऊस आणि उतारावरील मातीचा जाड थर यांबरोबर शेतीसाठी उतार सपाट केल्यामुळे पाण्याच्या वाटांत झालेला बदल, हेही एक कारण होते. यावरून आदिवासींनीच आपला घात करून घेतला, असा सूर काहींनी लावला. तो आम्हास मान्य नाही. भूशास्त्राचे निरीक्षण नाकारण्याचे कारण नाही. पण इतिहासाचा विद्यार्थी त्याच्या पुढचा प्रश्न विचारतो. एखादे कुटुंब तीव्र उतारावर भात लावते, ते का? त्याच आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण झाले आणि नदीकाठच्या अनेक गावांची जमीन पाण्याखाली गेली. धरणाचे पाणी खालच्या बागायतीला गेले. वरच्यांच्या वाट्याला डोंगर उरला.

मुंबईतही हेच दिसते. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या टेकडीवरील वस्तीवर दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे गेली. १८ जुलै २०२१ रोजी चेंबूरच्या डोंगरउतारावरील वस्तीत भिंत व दरड घरांवर येऊन १९ जण दगावले. ज्यांना सपाट जागेचे भाडे परवडत नाही, ते उतारावर जातात. गावकुसाबाहेर कोणी राहावयाचे हे पूर्वी जात ठरवीत असे. आज डोंगराच्या पायथ्याशी कोणी राहावयाचे हे दारिद्र्य ठरविते, आणि या दोन याद्यांतील नावे पुष्कळशी सारखीच निघतात.

परिणामांचेही तेच. मृतांच्या वारसांस शासन आर्थिक साहाय्य देते. परंतु जमीन व घर यांची भरपाई कागद पाहून होते. ज्याच्या नावे सातबारा नाही, घराची नोंद नाही, त्याचे नुकसान हिशेबातच येत नाही. पुनर्वसनाची कथाही सरळ नाही. माळीणच्या लोकांसाठी आमडे येथे नवे गाव उभारून २०१७ मध्ये घरे देण्यात आली. पहिल्याच पावसाळ्यात तेथील भराव खचल्याच्या व तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावांचे पुनर्वसन मराठवाड्याने पाहिले आहे. घराच्या भिंती उभ्या राहिल्या म्हणजे गाव उभे राहत नाही, हे आपणांस ठाऊक आहे.

इर्शाळवाडीच्या दुर्घटनेत वाडीतील काही मुले वाचली, कारण ती त्या रात्री घरी नव्हती, निवासी आश्रमशाळेत होती. ती वाचली, पण त्यांतील काहींना परत जाण्यास घरच उरले नाही. निवासी शाळा चालविणाऱ्या, तेथे शिकलेल्या आणि तेथे आपली मुले ठेवणाऱ्या आपणां सर्वांना या एका गोष्टीचा अर्थ अधिक सांगावा लागू नये.

व्यवस्थापन : आधी, त्या वेळी आणि नंतर

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दरडप्रवण प्रदेशांचे नकाशे तयार केले. २०११ मध्ये माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटातील संवेदनशील क्षेत्रांत खाणकाम व बांधकाम यांवर बंधने सुचविली. त्या अहवालाला मोठा विरोध झाला. ३० जुलै २०२४ रोजी, माळीणला बरोबर दहा वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, केरळातील वायनाडमध्ये मुंडक्कई व चूरलमला ही गावे दरडीने वाहून गेली आणि तो अहवाल पुन्हा सर्वांना आठवला.

नकाशे असूनही उणीव कोठे राहते, हे इर्शाळवाडीने दाखविले. ती वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे शासनाने स्वतः सांगितले. यादी महसुली गावांची होते. माणसे वाडीत, पाड्यात, वस्तीत राहतात. म्हणून सर्वेक्षण वाडीनिहाय झाले पाहिजे आणि धोक्याच्या वस्त्यांतील कुटुंबांना पावसाळ्यापूर्वीच सुरक्षित निवारा मिळाला पाहिजे. कायमचे स्थलांतर करावयाचे तर ते लोकांच्या संमतीने, शेती व रोजगार जवळ राहील अशा बेताने आणि जमिनीच्या हक्कासह झाले पाहिजे. अन्यथा लोक पुन्हा डोंगराकडेच परततात.

डोंगर बहुधा पूर्वसूचना देतो. उतारावर वा घराच्या जोत्याला नव्या भेगा पडणे, झाडे व विजेचे खांब कलणे, दारे-खिडक्या अडकू लागणे, नसलेल्या ठिकाणी झरा फुटणे, स्वच्छ झऱ्याला गढूळ पाणी येणे, भर पावसात ओढ्याचे पाणी एकाएकी कमी होणे, डोंगरातून गडगडाट ऐकू येणे, ही ती चिन्हे होत. यांपैकी काही दिसल्यास वस्तूंचा मोह न धरता, ओढ्याची वाट टाळून, बाजूच्या सुरक्षित जागी जावे व तत्काळ प्रशासनास कळवावे. एकदा दरड कोसळली की लगेच मागे फिरू नये. दुसरी दरड येण्याचा धोका असतो.

माजी विद्यार्थ्यांस

१९४३ मध्ये दामोदर नदीच्या पुराने बंगालमध्ये मोठा विध्वंस झाला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी पूर ही दैवगती मानली नाही. त्यांनी अभियंत्यांना व प्रांतिक सरकारांना एकत्र बसविले, १९४५ मध्ये परिषदा घेतल्या आणि पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांचा एकत्र विचार करणाऱ्या योजनेला चालना दिली. पुढे १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळाचा कायदा झाला. आपत्तीला उत्तर द्यावयाचे ते नियोजनाने, हा धडा त्यांनी घालून दिला आहे.

या शाळेतून बाहेर पडलेला कोणी आज डोंगराळ तालुक्यात तलाठी असेल, कोणी ग्रामसेवक, कोणी अभियंता. तलाठ्याने यादी करताना रस्ता नसलेल्या वाडीपर्यंत चालत जावे. ग्रामसेवकाने घराची नोंद राहून गेली असेल तर ती घ्यावी. अभियंत्याने पायथा कापताना वर कोण राहते ते पाहावे. शिक्षकाने वर्गात धोक्याची चिन्हे शिकवावीत, कारण घरातील वडीलधाऱ्यांना ती मुलेच सांगतील. आणि मुंबईतील टेकडीवर राहणाऱ्या आपल्या बांधवांनी पावसाळ्यापूर्वी आपल्या वस्तीमागील भिंत व नाला पाहून त्याची लेखी तक्रार संघटितपणे द्यावी.

करुणा ही केवळ दुर्घटनेनंतर धान्याची पोती व ब्लँकेट पाठविण्यापुरती नसते. ज्या कारणांमुळे माणसे दरडीखाली येतात, ती कारणे वेळीच दूर करण्यासाठी झटणे, हेही करुणेचेच काम आहे. असे काम करणारे हात या शाळेने घडवावेत, एवढीच आमची अपेक्षा.