दोन दशांश मिलिमीटर

सॅक्सोफोन म्हटले की लोकांना पितळी अंग, किल्ल्यांची गर्दी आणि समोर उमललेली घंटा आठवते. वाजवणाऱ्याचे लक्ष मात्र वरच्या टोकाच्या काळ्या तुकड्याकडे असते. तो माऊथपीस. त्याच्या सपाट पाठीवर वेताची रीड ठेवायची, लिगेचरने आवळायची आणि फुंकायचे. रीडचे टोक आणि माऊथपीसचे टोक यांच्यात एक बारीक फट असते. फुंकर बसली की रीड थरथरते, ही फट उघडते-मिटते आणि सूर जन्मतो. पुढचे सगळे पितळ त्या सुराला उंची देते, मोठे करते. पण आवाज कोणत्या जातीचा असेल याचा बराचसा निकाल या फटीत आणि तिच्या मागच्या पोकळीत लागलेला असतो.

माझ्या आल्टो सॅक्सोफोनबरोबर यामाहाचा 4सी माऊथपीस आला होता. शिकणाऱ्यांपैकी असंख्य जणांची सुरुवात त्याच्यावरच होते आणि तशी ती व्हावीही, कारण तो फारसे हट्ट करत नाही. त्याची फट 1.6 मिलिमीटरची. नंतर मी मायरचा 5 नंबरचा एबोनाइटचा माऊथपीस घेतला, त्याची फट सुमारे 1.8. म्हणजे फरक 0.2 मिलिमीटरचा, छपाईचे दोन साधे कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढा. एवढ्याशा फरकासाठी रीड, लिगेचर, कॅप, कॉर्क आणि जबडा असे सगळेच नव्याने बसवावे लागेल, असे कोणी आधी सांगितले असते तर मला ते अतिशयोक्तीचे वाटले असते.

माऊथपीस एका वादकाने वापरलेला होता. तो धातूच्या माऊथपीसकडे वळल्यामुळे हा रिकामा झाला होता. वापरलेला माऊथपीस घेण्यात कमीपणा नाही, फक्त तो उजेडात धरून नीट बघावा. टोकाची कड आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सरळ, सारख्या जाडीच्या आणि टवका न उडालेल्या हव्यात. तिथे नखाला लागेल एवढी खोच असली तरी रीड नीट मिटत नाही आणि चिरका आवाज निघतो. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. उन्हात-उजेडात राहिले की ते हिरवट-तपकिरी होते आणि ऊब लागली की गंधकाचा वास येतो. रंग गेल्याने आवाज बिघडत नाही. गरम पाणी मात्र घातक, त्याने रंग उडतोच, शिवाय आकारही बिघडू शकतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ फडके एवढे पुरते.

पहिल्या दिवसांचा अनुभव सुखाचा नव्हता. 4सीवर तीन नंबरची रीड बिनतक्रार चालायची. तीच इथे लावली तर सुराआधी हवेचा फुसफुसाट, खालचे सूर लागेनात आणि थोड्या वेळात ओठांच्या कोपऱ्यांत कळ. याचे कारण सोपे आहे. फट मोठी झाली की ती मिटवायला रीडला जास्त अंतर वाकावे लागते, म्हणून मोठ्या फटीला नरम रीड लागते आणि अरुंद फटीला कडक. मी अडीचवर उतरलो. त्यातही मेख अशी की कंपन्यांचे नंबर एकमेकांशी जुळत नाहीत. व्हँडोरेनच्या निळ्या डबीतली अडीच ही रिकोच्या अडीचपेक्षा हाताला आणि ओठाला स्पष्ट कडक लागते. शिवाय एका डबीतल्या दहा रीडही सारख्या नसतात. वेत आहे तो, कारखान्यात ओतलेले प्लॅस्टिक नव्हे. त्यात आपली हवा: मुंबईच्या पावसाळ्यात रीड ओलीच राहते, उन्हाळ्यात पुण्याला तिच्या टोकाला लाटा पडतात. काचेच्या पट्टीवर सपाट ठेवता येईल अशी रीडची डबी ही चैन नाही.

रीड माऊथपीसवर नीट बसली की नाही हे तपासण्याची एक युक्ती मला फार आवडते. माऊथपीस वाद्यावरून काढायचा, मागचे भोक तळहाताने घट्ट बंद करायचे, पुढून हवा ओढायची आणि तोंड बाजूला घ्यायचे. रीड क्षणभर चिकटून राहिली आणि मग ‘टप्’ करून सुटली, तर कुठे गळती नाही. लगेच सुटली तर रीड वाकडी आहे किंवा लिगेचर नीट धरत नाही. ही चाचणी फुकटात होते आणि मनातले बरेच गैरसमज दूर करते.

सुराची गोष्ट जरा खोल आहे. सॅक्सोफोनची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. त्या शंकूचे टोक कापून तिथे माऊथपीस बसवलेला असतो. कापल्या गेलेल्या टोकात जेवढी हवा मावली असती, साधारण तेवढी जागा माऊथपीसच्या पोटाने भरून काढायची असते. ती कमी-जास्त झाली की खालचे सप्तक आणि वरचे सप्तक आपसात भांडू लागतात. म्हणून नवा माऊथपीस वाद्याच्या मानेवरच्या कॉर्कवर कुठपर्यंत ढकलायचा हे जुन्या खुणेवरून ठरत नाही.

यासाठी पेटी उपयोगी पडते. आल्टोचा नुसता माऊथपीस, वाद्याशिवाय, मोकळ्या जबड्याने फुंकला तर तार सप्तकातली पांढरी सहा वाजावी, असे पाश्चात्त्य शास्त्रीय परंपरेतले शिक्षक सांगतात. जॅझवाले याहून बरेच खाली वाजवतात. माझा सुरुवातीला पांढरी सातकडे चढत होता, म्हणजे कडक रीड दाबण्यासाठी मी चक्क चावत होतो. रीड बदलली, खालचा ओठ सैल सोडला, तेव्हा तो काळी पाचवर आणि हळूहळू पांढरी सहावर आला. मग वाद्यावर गंमत झाली. चावत असताना माऊथपीस बाहेर ओढावा लागत होता, तो आता जुन्या खुणेच्याही थोडा आत ढकलावा लागला. आल्टोवर ‘सी’ची बोटे ठेवली की प्रत्यक्षात काळी दोन वाजते, तेव्हा तानपुराही काळी दोनमध्ये लावायचा आणि षड्ज, पंचम, वरचा षड्ज लांब श्वासाने धरायचे. सूर सरकला की तानपुऱ्याशी त्याची लाट ऐकू येते. यंत्रावरची सुई बघण्यापेक्षा मला ही रीत जास्त विश्वासाची वाटते, कारण सुईकडे बघताना आपण ऐकणे थांबवतो.

एवढ्या खटाटोपाने मिळवले काय? मींड. सॅक्सोफोनच्या किल्ल्या एकेका सुराच्या, त्यामुळे दोन सुरांमधली जागा भरायची तर ओठांनी आणि किल्ली अर्धवट सोडून. अरुंद फटीवर जबडा सैल केला की सूर थोडा वाकतो आणि लगेच विझतो. मोठ्या फटीवर त्याला वाकायला जागा मिळते. भावगीत किंवा जुनी फिल्मी चाल वाजवणाऱ्याला ही जागा सोन्याची. ‘रूप तेरा मस्ताना’मधला मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ऐकावा: सूर लागतो तो खालून सरकत, आणि सुटतानाही सरळ सुटत नाही. कद्री गोपालनाथ यांनी तर याच वाद्यावर कर्नाटक संगीताच्या गमका उभ्या केल्या. त्यासाठी त्यांनी वाद्यात फेरफार करून घेतले होते. ती त्यांची साधना, माऊथपीसची करामत नव्हे, हे वेगळे सांगायला नको. पण साधनेला वाव देणारे अवजार असते आणि वाव न देणारेही असते.

आता लिगेचर. रीड धरून ठेवणारा हा पट्टा म्हणजे सॅक्सोफोनवाल्यांच्या अंधश्रद्धांचे माहेरघर. पूर्वी रीड दोऱ्याने बांधत आणि जर्मन परंपरेतले क्लॅरिनेटवादक आजही दोरा गुंडाळतात. बाजारात मात्र दोन स्क्रूंचे साधे पितळी, रोव्हनरचे जाड कापडासारखे, व्हँडोरेनचे दाबपट्ट्या बदलता येणारे, सोन्याचा मुलामा दिलेले असे सगळे मिळते. प्रत्येकाच्या वेष्टनावर ‘उबदार’, ‘मोकळा’, ‘केंद्रित’ अशी विशेषणे.

माझा प्रश्न याच्या आधीचा होता. जुने लिगेचर नव्या माऊथपीसवर बसेना. बसले म्हणजे चढले, पण स्क्रू शेवटपर्यंत पिळूनही रीड बाजूला सरकत होती. नवे धड जुन्यापेक्षा सडपातळ होते. ‘आल्टोचे लिगेचर’ असे मागून काम भागत नाही. आल्टोच्याच एबोनाइट आणि धातूच्या माऊथपीसच्या जाडीत मोठा फरक असतो, आणि दोन एबोनाइट माऊथपीसही एका मापाचे नसतात. धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानांत किंवा आणखी कुठे जाल तेव्हा माऊथपीस आणि रीड खिशात घालूनच जा. ऑनलाइन मागवत असाल तर माऊथपीसचे नाव आणि मॉडेल त्या लिगेचरच्या यादीत आहे का ते बघा.

मी साधे पितळी आणि कापडी, दोन्ही लावून बघितले. कापडी लावल्यावर मला आवाज किंचित दबलेला वाटला. घरच्यांना खोलीबाहेर बसवून, न सांगता अदलाबदल करत वाजवले, तर कोणालाही फरक ओळखता आला नाही. माझे मत आता पक्के आहे: लिगेचरने रीड सपाट आणि न हलू देता धरावी, माऊथपीसवरच्या खुणेच्या आत बसावे, आणि स्क्रू दोन बोटांच्या जोराने आवळले जावेत. करकचून आवळले तर रीडचा गळा दाबला जातो. याहून जास्त पैसे लिगेचरवर घालणाऱ्याने ते हौस म्हणून घालावेत.

कॅपचेही तसेच. ती लिगेचरवर बसते, त्यामुळे लिगेचर बदलले की कॅप बदलते. सैल कॅप न लावलेली बरी, कारण ती घसरते आणि जाता जाता रीडचे टोक तोडते. कॉर्क जुन्या माऊथपीसच्या मापाने दबलेला असतो. नवा सैल बसला तर तात्पुरती कागदाची पट्टी गुंडाळावी, पण पक्का उपाय कारागिराकडून नवा कॉर्क हाच.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक वस्तू म्हणजे दातांखाली चिकटवायची रबरी पट्टी. पातळ पारदर्शक 0.35 मिलिमीटरची मिळते आणि काळी 0.8 ची. दात घसरत नाहीत, माऊथपीसवर चरे पडत नाहीत. शिवाय वरचे दात थेट एबोनाइटवर टेकलेले असतात तेव्हा थरथर कवटीतून सरळ कानापर्यंत जाते. जाड पट्टीने ती कमी होते. माऊथपीस ‘कर्कश’ वाटतो म्हणून परत करायला निघालेल्याने आधी ही पट्टी लावावी आणि आपले वाजवणे फोनवर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून ध्वनिमुद्रित करावे. आपण जे ऐकतो आणि समोरचा जे ऐकतो त्यातले अंतर चकित करणारे असते.

या सगळ्यात एक मोह टाळण्यासारखा आहे, तो म्हणजे माऊथपीस घासून ‘सुधारण्याचा’. जॉन कोल्ट्रेनसारख्या थोर जॅझ सॅक्सोफोनवादकाने आपला चांगला माऊथपीस आणखी चांगला करायला दिला आणि तो बिघडला, हे त्यानेच मुलाखतीत सांगितले आहे. ‘बॅलड्स’ या त्याच्या तबकडीतल्या संथ वादनाचा संबंध त्या काळातल्या या अडचणीशी जोडला जातो. आपल्यापैकी कोणाच्या बिघडलेल्या माऊथपीसमधून ‘बॅलड्स’ निघणार नाही.

नवा माऊथपीस घेणार असाल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी रीड ठरवा, मग कॉर्कवरची जागा, मग लिगेचर. काही आठवडे रोज लांब सूर धरल्याशिवाय निकाल देऊ नका. आणि जुना माऊथपीस विकू नका. नव्यावर सूर लागेनासा झाला की दोष आपला की अवजाराचा, हे जुना लावून दोन मिनिटांत कळते.