पादचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण : ब्रिटनमधील रचना आणि आपल्यासाठी बोध

काही वर्षांपूर्वी माझ्या चिकित्सालयात साठीचे एक गृहस्थ तळपायाच्या कदरासाठी आले. मधुमेह बराच जुना होता. पूर्वी पायांची फार आग होत असे, ती आता आपोआप थांबली आहे, असे त्यांनी समाधानाने सांगितले. मीही त्यावर अधिक विचार केला नाही आणि रात्री गरम पाण्यात पाय शेकून तेल लावण्यास सांगितले. आठ दिवसांनी ते परत आले, तेव्हा दोन्ही तळव्यांवर भाजल्याचे फोड होते. पाणी कढत आहे हे त्यांच्या पायांना कळलेच नव्हते. ते व्रण भरून येण्यास चार महिने लागले.

प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता व दाह ही लक्षणे आपण सर्वांनीच पाठ केलेली आहेत. चरकाचार्यांनी मधुमेही रुग्णाची गणना अस्वेद्यांत केली आहे. सुश्रुताचार्यांनी अग्निकर्मासही अस्वेद्य व्यक्ती वर्ज्य सांगितल्या आहेत. म्हणजे ज्ञान होते, परंतु ते रुग्णाच्या पायापर्यंत पोहोचले नव्हते. पदवीनंतर, व्यवसाय चालू असताना, हे अंतर कसे भरून काढावे? ब्रिटनमध्ये पादचिकित्सा अर्थात पोडिएट्री या शाखेने या प्रश्नाचे दिलेले उत्तर अभ्यासण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात त्याचे थोडक्यात विवेचन करीत आहे.

व्यवसायाची जडणघडण

एके काळी ब्रिटनमध्ये कुरूप कापणे, नखे काढणे हे काम अनुभवी पण अशिक्षित मंडळी करीत. 1912 साली या व्यावसायिकांची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली व 1913 मध्ये लंडनमध्ये केवळ पायांसाठी रुग्णालय निघाले. पुढे अनेक संस्था एकत्र येऊन 1945 मध्ये एक सोसायटी झाली; तिचीच परंपरा 2021 पासून रॉयल कॉलेज ऑफ पोडिएट्री या नावाने चालू आहे. आज 'पोडिएट्रिस्ट' आणि 'किरोपोडिस्ट' ही दोन्ही नावे कायद्याने संरक्षित आहेत. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीस ती लावता येत नाहीत. नोंदणीचे दर दोन वर्षांनी नूतनीकरण होते आणि सतत अध्ययन केल्याचा पुरावा जपून ठेवावा लागतो.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे स्वरूप

पोडिएट्रीची पदवी इंग्लंडमध्ये साधारणतः तीन, तर स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची असते. त्यानंतरचे शिक्षण मुख्यतः काम करणाऱ्या चिकित्सकांसाठी आखलेले आहे. मास्टर्स पदवी 180 क्रेडिटची असते व एक क्रेडिट म्हणजे सुमारे 10 तासांचे अध्ययन, असा हिशेब धरतात. या प्रवासात दोन थांबे असतात. 60 क्रेडिट पूर्ण झाल्यास प्रमाणपत्र मिळते, 120 झाल्यास पदविका, आणि प्रबंधासह 180 झाल्यास मास्टर्स पदवी. घरची वा व्यवसायाची अडचण आल्यास विद्यार्थी मधल्या थांब्यावर उतरू शकतो; केलेले श्रम वाया जात नाहीत. अर्धवेळ शिकणारा चिकित्सक काही वर्षांत हा अभ्यास पूर्ण करतो.

विषय व्यवसायातूनच निघालेले असतात : चालण्याचे यांत्रिक शास्त्र, मधुमेही व संधिवाती रुग्णाचा धोक्यातील पाय, व्रणोपचार, संशोधनपद्धती. स्वतःच्याच रुग्णांच्या नोंदी तपासून त्यांतील उणिवा शोधणे हा गृहपाठाचा भाग असतो. ज्यांना पायाच्या शस्त्रकर्माकडे वळावयाचे आहे, त्यांना मास्टर्सच्या जोडीला अनेक वर्षांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. 2013 साली कायदा बदलला व वेगळे प्रशिक्षण घेतलेल्या पोडिएट्रिस्टना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकार मिळाला. अधिकार आधी आणि शिक्षण मागाहून, असा क्रम तेथे नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

शिक्षणाचा रुग्णाला लाभ

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2015 मध्ये मधुमेही पायासंबंधी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. प्रत्येक मधुमेही रुग्णाचे पाय वर्षातून एकदा तरी तपासावेत. 10 ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने संवेदना पाहावी. पायाच्या नाड्या, व्यंग, घट्टे, व्रण यांची नोंद करून धोक्याची श्रेणी ठरवावी. मध्यम धोका असल्यास तीन ते सहा महिन्यांनी, अधिक असल्यास एक ते दोन महिन्यांनी पुन्हा तपासावे. चालू व्रण वा संसर्ग दिसल्यास एका कार्यालयीन दिवसाच्या आत तज्ज्ञ गटाकडे पाठवावे. हे नियम प्रत्यक्षात आणणारा प्रशिक्षित हात पोडिएट्रिस्टचा असतो.

बधिर पायाच्या या शास्त्राचे एक मूळ आपल्याच देशात आहे. वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की, या रुग्णांच्या पायावरील व्रण मांस आपोआप कुजल्याने होत नाहीत; वेदना नसल्यामुळे दुर्लक्षित राहिलेल्या दाबाने व इजेने होतात. दाब काढून घेतल्यास व्रण भरतो. आज मधुमेही पायाच्या चिकित्सेत हेच तत्त्व पायाभूत मानले जाते.

आपल्यासाठी

आपल्याकडे एम.डी. वा एम.एस. करावयाचे तर तीन वर्षे पूर्णवेळ द्यावी लागतात. चाळिशी ओलांडलेल्या, गावात एकट्याने चिकित्सालय चालविणाऱ्या वैद्यास ते बहुधा शक्य नसते. टप्प्याटप्प्याने, अर्धवेळ, स्वतःच्या रुग्णांवर आधारलेले शिक्षण त्याच्यासाठी निर्माण झाले पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनेने मांडण्यासारखी आहे.

तोवर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. मधुमेही रुग्णाची पादत्राणे उतरवून, बोटांच्या बेचक्यांसह पाय पाहावेत. तंतूने संवेदना व बोटांनी नाडी तपासावी. बधिर पायास शेक, कढत तेल, अग्निकर्म वा बाजारातील कुरूपाच्या आम्लयुक्त पट्ट्या सांगू नयेत. नाडी लागत नसेल वा व्रण दिसेल, तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पाठवावे. आणि 'आग थांबली' असे रुग्ण आनंदाने सांगेल, तेव्हा त्याच्या आनंदात सामील होण्यापूर्वी त्याचा पाय हातात घ्यावा. माझ्याकडून ते एकदा राहिले. आपल्याकडून राहू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.