वैश्विक पार्श्वभूमी प्रारण आणि पृथ्वीची गती : एक विवेचन

प्रस्तावना

पृथ्वीचा वेग किती, या प्रश्नाचे उत्तर 'कशाच्या सापेक्ष' हे ठरल्याखेरीज देता येत नाही. सूर्याच्या सापेक्ष हा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर आहे; परंतु सूर्यही आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो आणि आकाशगंगाही स्थिर नाही. मग समग्र विश्वाच्या संदर्भात आपली गती कशी मोजावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारणाचा पुरावा

१९६५ साली आर्नो पेन्झियास व रॉबर्ट विल्सन यांनी आकाशाच्या सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर केला. विश्वाच्या आरंभीच्या उष्ण अवस्थेचा अवशेष असलेल्या या प्रारणाचे आजचे सरासरी तापमान २.७२५ केल्विन आहे. निरीक्षक गतिमान असल्यास डॉप्लर परिणामामुळे पुढील दिशेचे प्रारण किंचित उष्ण, तर मागील दिशेचे किंचित शीत आढळते. १९७७ साली जॉर्ज स्मूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी यू-२ विमानातून केलेल्या मोजणीत हा भेद स्पष्ट झाला. तो सरासरीहून ०.००३३६ केल्विन, म्हणजे हजारात सुमारे सव्वा भाग आहे. प्रकाशवेगाचा तेवढाच अंश घेतल्यास सूर्यमालेचा वेग सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर येतो. त्याची दिशा सिंह व चषक या तारकासमूहांच्या सीमेजवळ आहे. पृथ्वीच्या वार्षिक भ्रमणामुळे तिच्या वेगात यापेक्षा सुमारे ३० किलोमीटरपर्यंत वाढ वा घट होते.

सापेक्षतेशी संबंध

यामुळे निरपेक्ष स्थिरतेची कल्पना पुन्हा सिद्ध होते, असे मात्र नव्हे. बंद प्रयोगशाळेत एकसमान गती ओळखता येत नाही, हे तत्त्व अबाधित आहे. येथे आपण बाहेरील प्रारणाकडे पाहून गती मोजतो. ते एक सोयीचे संदर्भमान आहे, निसर्गनियमांनी दिलेले विशेष स्थान नव्हे.

समारोप

हा भेद केवळ आपल्या गतीमुळे असेल, तर अतिदूरच्या खगोलांची संख्याही त्याच दिशेला त्या गतीशी सुसंगत प्रमाणात अधिक दिसली पाहिजे. ही कसोटी जॉर्ज एलिस व जॉन बाल्डविन यांनी १९८४ साली सुचविली. २०२१ साली नॅथन सीक्रेस्ट व सहकाऱ्यांनी सुमारे १३.६ लाख क्वेसारांची गणना केली, तेव्हा दिशा साधारणतः जुळली, परंतु प्रमाण अपेक्षेच्या दुपटीहून अधिक आले. नंतरच्या गणनांचे निष्कर्ष परस्परांशी पूर्णतः जुळत नाहीत. हा फरक मोजणीतील दोषाचा ठरला नाही, तर मोठ्या प्रमाणावर विश्व सर्व दिशांना समान आहे, या आधुनिक विश्वशास्त्राच्या पायाभूत गृहीतकाचाच पुनर्विचार करावा लागेल.